मान डोलेपर्यंत

तत्त्वज्ञान विभाग बंद पडतोय म्हणून कोल्हापुरात कुणी टायर जाळणार नाही, हे सांगायला तत्त्वज्ञ लागत नाही. इथं उसाच्या दरासाठी मोर्चा निघतो, पाण्यासाठी निघतो, फुटबॉलच्या मॅचमध्ये पंचानं पेठेच्या पोराला उगाच कार्ड दाखवलं तरी निम्मं गाव रस्त्यावर येतं. ज्ञानाचं स्वरूप काय या प्रश्नावर मात्र अजून कुणी बंद पुकारलेला नाही. म्हणून विद्यापीठाचं पत्र आलं तेव्हा विभागप्रमुख डॉ. क्रांती शिंगे यांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

पत्र सरळ होतं. पुढच्या महिन्याच्या सोळा तारखेला आढावा समिती येणार होती. या विभागाला माजी विद्यार्थ्यांचा आणि समाजाचा पाठिंबा आहे, हे समितीच्या डोळ्यांना दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर विभाग 'कौशल्य व व्यक्तिमत्त्व केंद्रा'त विलीन होईल आणि डॉ. शिंगे तिथं रुजू होतील. त्या केंद्रात काय शिकवतात याची क्रांतीनं चौकशी केली. मुलाखतीला जाताना टाय कसा बांधावा आणि हात किती जोरानं दाबावा, असं कळलं. सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यात तिनं एकही टाय बांधला नव्हता आणि बांधायची इच्छाही नव्हती.

विभागात कायमची माणसं दोनच. एक क्रांती, दुसरे बाळासो. बाळासो शिपाई होते, क्लार्क होते आणि टायपिस्टही होते. तेवीस वर्षं दाराबाहेरच्या स्टुलावर बसून व्याख्यानं ऐकल्यामुळे त्यांची स्वतःची मतंही तयार झाली होती. जग ही माया आहे हे आपल्याला पटत नाही, असं ते चहाचा कप ठेवता ठेवता पाहुण्या प्राध्यापकांना सांगत.

हा विभाग उभा केला आण्णांनी. आण्णा म्हणजे क्रांतीचे सर; त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. जुन्या शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष मांडायची रीत होती, म्हणजे आधी समोरच्याचं म्हणणं सांगायचं आणि मग आपलं. आण्णांनी ती रीत उचलून वर्गात लावली आणि तिला आपल्या मातीतला कडकपणा दिला. समोरच्याचं म्हणणं 'मी' म्हणून सांगायचं, जणू ते आपलंच आहे. त्याला स्वतःला जमलं नसतं इतकं नीट सांगायचं. आणि 'व्हय, हेच मला म्हणायचं होतं' अशी त्याची मान डोलेपर्यंत आपलं मत तोंडाबाहेर काढायचं नाही. ज्या गावात आधी बाह्या सरसावतात आणि मग विषय काय ते विचारतात, त्या गावात हा नियम चालवणं म्हणजे म्हशींना रांगेत उभं करणं. आण्णांनी तो तीस वर्षं चालवला, त्यांच्यामागं क्रांतीनं चालवला. पुस्तकातलं कुणाच्या फारसं लक्षात राहिलं नाही. नियम मात्र हाडीमांसी खिळला.

आधी तिनं व्हॉट्सॲपवर गट काढला आणि नाव दिलं 'माजी विद्यार्थी, तत्त्वज्ञान'. अर्ध्या तासात पहिली हरकत आली. माजी म्हणजे नेमकं काय? ज्याचं शिकणं संपलं तो माजी असेल, तर आपण त्यात बसत नाही. दुसऱ्यानं विचारलं, नापास झालेला धरायचा का? तिसऱ्यानं लिहिलं की सोळा तारखेला येतो असं आज म्हणणं म्हणजे उद्याची गोष्ट आजच खरी मानणं, तेव्हा तो मत राखून ठेवतो. अकरा दिवस गट पेटलेला होता. कितीजण येणार या रकान्यात मात्र भोपळा.

बाराव्या दिवशी बाळासोंनी तोंड उघडलं. हे मोबाईलवर व्हायचं काम नव्हे, असं त्यांचं म्हणणं. लग्नाची पत्रिका जशी आपण दारात जाऊन देतो, उंबऱ्यावर उभं राहून 'यायला लागतंय' म्हणतो, तसं जायला पाहिजे. फोनवर बोलावलेला पाहुणा फोनवरच येतो. क्रांतीला पटलं. अक्षता आणि कुंकू तेवढं सोडून तिनं बाकी सगळी रीत पाळायचं ठरवलं.

पहिल्या रविवारी बाळासोंच्या स्कूटरवर मागं बसून ती जोतिबाच्या डोंगरावर गेली. तिथं आक्काताईंचं नारळ-गुलालाचं दुकान. आक्काताईंनी बाहेरून बी.ए. केलं, लेकीचं लग्न उरकलं आणि एक्केचाळिसाव्या वर्षी एम.ए.ला येऊन पहिल्या बाकावर बसल्या. वर्गातली पोरं त्यांना घाबरायची, खरं तर क्रांतीही थोडी घाबरायची. त्यांनी गिऱ्हाईक तसंच उभं ठेवून चहा टाकला, सगळं ऐकून घेतलं आणि येते की, म्हणाल्या. येताना चार दुकानदारही आणते म्हणाल्या, म्हणजे तुमचा तो समाज का काय तोही होईल. परत निघताना क्रांतीची साडी, पर्स आणि एक कान गुलाबी झालेला होता.

दुसऱ्या रविवारी वारणानगर. गुंडू चौगुले तिथं साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता. वय पस्तीस, मिशी पन्नाशीची. मॅडमना बघून तो केबिनमधून धावत बाहेर आला, वाकून नमस्कार केला, आणि तेवढ्या दोन मिनिटांत मागं उभ्या असलेल्या चार ट्रॅक्टरांनी हॉर्न वाजवून कानठळ्या बसवल्या. गुंडूही येतो म्हणाला. कशासाठी, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही.

तिसरी स्वप्नाली. ती चंदगड डेपोची कंडक्टर आणि विभागाची सुवर्णपदकाची मानकरी. ही दोन्ही वाक्यं एका दमात म्हटली की लोक हळहळतात, आणि लोक हळहळले की स्वप्नालीला राग येतो. तिला सुट्टी नव्हती, म्हणून क्रांती बाळासोंना घेऊन कोल्हापुरातून तिच्याच गाडीत बसली. तिकिटं, सुट्टे पैसे आणि दारात लोंबकळणारे यांच्यामधून निमंत्रण गडहिंग्लजपर्यंत कसंबसं देऊन झालं. स्वप्नालीनं मॅडमचं तिकीट फाडलं, पैसे घेतले आणि सोळा तारखेची ड्युटी बदलून घेते म्हणाली.

या तिघांनी आपापल्या बाजूचे आणखी गोळा करायचं कबूल केलं. परतीच्या वाटेवर बाळासोंनी एक सुचवलं. माणसं येतील, पण बोलायचं काय ते मॅडमनी लिहून द्यावं. दोन दोन ओळी, चिठ्ठीवर. क्रांतीला ते लागलं. आपली मुलं पोपट नव्हेत, म्हणाली. वीस वर्षं त्यांना स्वतःच्या डोक्यानं बोलायला शिकवलं आणि आता चिठ्ठ्या वाटू? बाळासोंनी आणखी काही म्हटलं नाही. पण शहाणा माणूस कुठं गप्प बसला हेही बघायचं असतं, आणि ते क्रांतीनं बघितलं नाही.

शिवाय चिठ्ठीत काय लिहायचं हे तिलाही ठाऊक नव्हतं. तिच्या मनात पाल चुकचुकत होतीच. यंदा वर्गात चार मुलं. त्यातला एक झोपायचा आणि उरलेली तिघं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायची, कारण विभागाच्या वाचनालयातला पंखा चांगला होता. समितीनं तोंडावर विचारलं की बाई, हे कशासाठी चालवायचं, तर फॉर्मच्या रकान्यात मावेल असं उत्तर तिच्याजवळ नव्हतं.

सोळा तारखेला बाळासोंनी चाळीस खुर्च्या मांडल्या. माणसं आली त्रेसष्ट. आक्काताईंनी सात दुकानदार आणले, गुंडूबरोबर ऊसवाहतूकवाले होते, स्वप्नाली खाकी ड्रेसवर आणि तिकिटाच्या बॅगेसह आली, कारण दुपारी दोनची फेरी तिला होती. उरलेले खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसले. क्रांतीचा ऊर भरून आला. इतकी गर्दी तर आण्णांच्या निरोप समारंभालाही नव्हती.

समितीचे अध्यक्ष डॉ. अमरसिंह इंगवले पुण्यात पूल बांधायला शिकवत. मूळचे इकडचेच, कागल बाजूचे, पण पुण्यात तीस वर्षं राहून भाषा इस्त्रीची झालेली. बरोबर दोन सदस्य होते. एकाचं लक्ष घड्याळाकडे होतं, कारण दुपारी सांगलीला दुसरा आढावा होता. दुसऱ्याचं लक्ष शेजारच्या खोलीतून येणाऱ्या पांढऱ्या रश्श्याच्या वासाकडे. अध्यक्षांपुढं फाईल उघडी होती. परीक्षेला पहारा देऊन देऊन क्रांतीला उलटी अक्षरं सरळ वाचायची सवय झालेली. फाईलमधल्या शेवटच्या पानावर 'विलीनीकरणाची शिफारस करण्यात येत आहे' असं छापूनच आणलेलं होतं. फक्त सही व्हायची होती.

सुरुवातीला अध्यक्षांनी बावीस विभाग बघून झाल्याचं सांगितलं आणि सगळ्यांदेखत वर्गात व वाचनालयात डोकावून घेतलं. माजी विद्यार्थी आणि समाज यांच्यासाठी चाळीस मिनिटं होती. पहिला गुंडू उठला. त्यानं मिशीवरून हात फिरवला, अध्यक्षांकडे बघितलं आणि सुरुवात केली.

"मी डॉक्टर अमरसिंह इंगवले. माझं म्हणणं असं हाय."

अध्यक्ष दचकले. पुढं काय होणार हे त्या खोलीत क्रांतीइतकं स्पष्ट कुणाला दिसत नव्हतं. गुंडू समोरच्याचं म्हणणं मांडत होता. नियमानं, मन लावून, आण्णांनी शिकवलं होतं तसं. तो म्हणाला, मी बावीस विभाग बघितले, प्रत्येक ठिकाणी लोक परंपरा, संस्कृती असलं काहीतरी ओरडतात आणि वर्गात जाऊन बघावं तर बाक रिकामे. इथं चार पोरं, त्यातला एक झोपलेला. एवढ्यासाठी एक इमारत, एक प्राध्यापक आणि एक चांगला पंखा अडवून ठेवायचा? मी काही तत्त्वज्ञानाचा वैरी नाही, पण न्याय सगळ्यांना सारखा पाहिजे.

इंगवल्यांची मान नकळत डोलली. मग ते जरा संकोचून म्हणाले की एक मुद्दा राहिला, नोकऱ्यांचा. गुंडूनं कपाळावर हात मारून घेतला, चुकलंच म्हणाला, आणि नोकऱ्यांचा मुद्दाही असा रंगवून मांडला की त्या सदस्यानं घड्याळावरची नजर काढली.

क्रांतीनं डोळ्यांनी खुणा केल्या, खोकून बघितलं. आक्काताईंना वाटलं मॅडमचा घसा धरलाय. त्यांनी पर्समधून खडीसाखर काढून पुढं पाठवली आणि स्वतः उठल्या. त्याही अमरसिंह इंगवले झाल्या. मी पूल बांधणारा माणूस, त्या म्हणाल्या. माझा पूल पडला तर आख्ख्या जिल्ह्याला कळतंय. ह्यांचा विचार पडला तर ह्यांनाबी कळत न्हाय. मग ह्यांचं काम बरं का वाईट हे मी कशावरनं ठरवू? हे वाक्य इंगवल्यांनी चक्क वहीत उतरवून घेतलं. शेवटी स्वप्नाली. तिनं अध्यक्षांच्या तोंडानं सांगितलं की रिकामी गाडी रोज सोडायची तर डिझेल कुणाच्या तरी दुसऱ्या फेरीतनं कापलं जातं. म्हणून मी फेरी रद्द करतो, रागानं नव्हे, हिशेबानं. इंगवले आता मान डोलावता डोलावता हसत होते. चाळीस मिनिटं संपली.

अशी वेळ वैऱ्यावर येऊ नये. क्रांतीला बाळासोंच्या चिठ्ठ्या आठवल्या आणि स्वतःचाच राग आला. तीन रविवार पायपीट करून आपणच आपल्या विभागाच्या विरुद्ध त्रेसष्ट माणसं गोळा केली, आणि त्यांच्याकडून झालं तेही असं नेटकं की कुणाला नावं ठेवायची सोय नाही. आणखी वाईट म्हणजे तिला स्वतःला त्यातलं बरंचसं पटलं होतं.

इंगवले उठले. बंद करण्याच्या बाजूनं इतकं स्वच्छ कुणी बोललेलं आपण ऐकलं नाही, म्हणाले, आणि सगळ्यांचे मनापासून आभार मानले. हात फाईलकडे गेला. पण खोलीतलं कुणी उठलं नाही. दाराच्या आणि अध्यक्षांच्या मध्ये त्रेसष्ट माणसं मांडी ठोकून बसलेली, आणि सगळी त्यांच्याकडे बघत होती.

"सायेब, बसा," आक्काताई म्हणाल्या. "आता तुमची पाळी."

नियमाचा निम्मा भाग सांगायचा राहूनच गेला. समोरच्याची मान डोलली की काम संपत नाही. मग त्यानं आपलं म्हणणं 'मी' म्हणून सांगायचं, आपली मान डोलेपर्यंत. दोन्हीकडच्या माना डोलल्या, की खरा वाद तिथून पुढं. आक्काताईंनी हे सगळं अध्यक्षांना नारळाचा भाव सांगावा तसं सांगितलं. घड्याळवाले सदस्य सांगली म्हणाले. आक्काताई म्हणाल्या, सांगली कुठं पळून जात न्हाय. इंगवल्यांना हसू आलं आणि ते बसले. पूल बांधणाऱ्या माणसाला एवढं जमणार नाही, असं त्यांना वाटत नव्हतं.

त्यांनी घसा साफ केला. मी तत्त्वज्ञान विभागाचा माजी विद्यार्थी, म्हणाले. आपली थोर परंपरा आहे, ती जपली पाहिजे. त्रेसष्ट माना आडव्या हलल्या. परंपरा कोण म्हणालं, असं मागून कुणीतरी विचारलं. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, मूल्ये म्हणाले, भारताची जगाला देणगी म्हणाले. माना पुन्हा आडव्या. तिसऱ्या खेपेला ते अडले, चष्मा काढला आणि म्हणाले, मग तुमचं म्हणणं आहे तरी काय? सकाळपासून त्यांनी विचारलेला हा पहिला खरा प्रश्न होता.

मग त्यांना सांगितलं. गुंडूनं सांगितलं की काट्यावर रोज भांडणं. आपला नंबर डावलला म्हणून शेतकरी अंगावर येतो. गुंडू त्याला आधी त्याचंच गाऱ्हाणं सांगतो, मी पहाटेपासून रांगेत हाय, घरी म्हस व्यालीय, अशी सुरुवात करून. निम्मा राग तिथंच उतरतो. आक्काताईंनी आणलेल्या दुकानदारांपैकी एकानं उठून सांगितलं की दुकानापुढच्या जागेवरून आपण आणि ही बाई आठ वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हतो. एक दिवस ती आपल्या पायरीवर येऊन उभी राहिली आणि आपलं म्हणणं आपल्याहून बरं बोलली. आपल्याला भांडायला काही शिल्लकच राहिलं नाही.

इंगवल्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि चौथ्यांदा मांडलं. या वेळी नीट. मी इथं पुस्तकं विसरलो पण ऐकायला शिकलो, आणि ते मी गावात घेऊन गेलो, असं त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. माना डोलू लागल्या. पहिली ओळ, दुसरी ओळ, खिडकीतले. अध्यक्षांना बरं वाटलं. हे फारच छान आहे, ते म्हणाले, आणि याची तर दोन दिवसांची कार्यशाळा घेता येईल. त्या केंद्रातच.

"मॅडमची मान हललेली न्हाय," स्वप्नाली म्हणाली.

सगळे वळले. क्रांती कडेच्या खुर्चीवर बसली होती. मान डोलावून ती मोकळी झाली असती, कुणाला कळलंही नसतं. पण नियमाशी तिला खोटं बोलता येत नव्हतं. सांगायचं काय हेही तिला आत्ता, या क्षणी समजलं, आणि ते फॉर्ममध्ये लिहिण्यासारखं नव्हतं. ती उठली. बोलू लागली तेव्हा व्याख्यानाची भाषा दोन वाक्यांत गळून पडली आणि घरची आली.

"मी चंदगड तालुक्यातल्या बौद्धवाड्यातनं इथं आले तवा एकवीस वर्षांची होते. आमच्या गावात देऊळ हाय. माझ्या आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतलेली, आमास्नी त्या देवळात जायचंच न्हवतं. पण पायरीला पाय लावायचा न्हाय असं गावानं सांगितलेलं, ते मला सोसत न्हवतं. हे मी पहिल्याच आठवड्यात वर्गात बोलले. वर्ग हसला. जायचंच न्हाय, तर अडवलं म्हणून भांडतीस कशाला, म्हणाले. मला उत्तर येईना. मी खाली बसले."

तिनं चष्मा काढून पदरानं पुसला.

"आण्णा त्याच देवळातला देव मानणारे. ते उठले आन् म्हणाले, मी क्रांती शिंगे. मी पायरी चढत न्हाय, ही माझी मर्जी. तुम्ही चढू देत न्हाय, हा तुमचा हुकूम. लांबनं बघणाऱ्याला दोन्ही वेळा पायरी रिकामीच दिसती, म्हणून तो विचारतोय, फरक काय पडला? फरक मला पडतोय. मग माझ्याकडं वळून म्हणाले, बरोबर सांगितलं का? सायेब, एकवीस वर्षांत माझं म्हणणं मला कुणी विचारलं न्हवतं, मांडणं तर लांबच. त्या दिवशी एक माणूस दोन मिनिटं मी झाला. दोन दिवसांच्या कार्यशाळेत ते शिकवता येत असलं तर खुशाल शिकवा."

एवढं बोलून ती बसली. आक्काताई अध्यक्षांकडे वळल्या. त्यांनी हातानं 'बोला' अशी खूण केली.

इंगवल्यांनी सुरुवात केली. मी क्रांती शिंगे, मला मंदिरात प्रवेश नाकारण्यात आला, असं ते म्हणाले. क्रांतीनं मान आडवी हलवली. हे पेपरात येतं तसं झालं, ती म्हणाली. मला जायचं नव्हतं, तेही धरा. त्यांनी वही मिटली. इंगवल्यांच्या घराकडे त्यांच्या गावच्या पालखीचा मान होता, असल्या पायऱ्या त्यांनी जन्मभर वरूनच पाहिलेल्या, हे त्यांनी नंतर जेवताना सांगितलं. त्या वेळी एवढंच दिसलं की मोठ्या माणसानं मिटलेली वही टेबलाच्या कडेला सारली.

"मी क्रांती," ते म्हणाले. "मला त्या देवळात जायचं नव्हतं. नव्हतंच जायचं. पण ते मी ठरवायचं हाय, तुम्ही न्हाय." तीस वर्षांची इस्त्री कुठं गेली ते त्यांनाही कळलं नसावं. "पायरी रिकामी दिसती म्हणून तुम्ही म्हणताय, कुणाचं काय अडलंय. आणि मी…" इथं ते अडखळले, कारण आता बोलणारा 'मी' कुठला हे त्यांनाच उमगेना. "मी वर्ग रिकामा बघितला आणि तेच म्हणालो. पोरं आली न्हाईत तर ती पोरांची मर्जी. दार मी काढून नेलं तर तो माझा हुकूम. उद्या चंदगडची एखादी पोरगी यायची असली, तर तिनं येऊ नये हे मी तिच्यावतीनं ठरवून टाकलं. आणि दोन्ही एकाच रकान्यात भरलं."

त्यांनी क्रांतीकडे बघितलं. निकालाची वाट बघणारा विद्यार्थी तिनं आजवर शेकड्यांनी बघितला होता, पण असा नाही. तिला रडू आलं आणि ते तिनं लपवलं नाही. मग तिची मान डोलली.

इंगवल्यांनी फाईलमधलं शेवटचं पान काढून फाडलं आणि नवीन पान टाईप करायला किती वेळ लागेल ते बाळासोंना विचारलं. काय लिहायचं त्यावर हाय, बाळासो म्हणाले. विभाग चालू ठेवावा, एवढंच लिहायचं होतं. बाळासो कॉम्प्युटरकडे निघाले, घड्याळवाले सदस्य सांगली, सांगली करत उभे राहिले, तेवढ्यात गुंडूनं हात वर केला.

"सायेब, दोन्हीकडच्या माना डोलल्या," तो म्हणाला. "तुमचं ते नोकऱ्यांचं आन् डिझेलचं म्हणणं आमास्नी अजून पटलेलं न्हाय. आता वादाला सुरुवात करूया का?"

इंगवल्यांनी खिशातून फोन काढला आणि आज येणं जमत नाही म्हणून सांगलीला कळवून टाकलं.